रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी तीन गोष्टी घड्याळ लावून होत. सव्वापाचला पंप सुरू होई, सहाला दुधाच्या पिशव्या दारांच्या कड्यांना लागत आणि साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा पूजा आटोपून, पंच्याला हात पुसत, इंटरनेट सोडत. सोडत हाच शब्द. नळाला पाणी सोडतात तसं. पावणेसातपर्यंत ते आलं नाही तर वरच्या गॅलरीतून कोणीतरी वाकून विचारी, "अण्णा, अजून सोडलं नाहीत?" खालून उत्तर येई, "नैवेद्य तर दाखवू दे रे! देव उपाशी आणि तुम्हाला फेसबुक!"

हे 2012 सालचं. डोंबिवली पूर्वेला, रिक्षाचे पैसे द्यायला जिवावर यावं आणि चालायला पाय दुखावेत अशा नेमक्या अंतरावर आमची बिल्डिंग. तळमजला धरून चार मजले, मजल्याला चार ब्लॉक. अण्णा ब्लॉक नंबर 11 मध्ये, मी त्यांच्या डोक्यावर 15 मध्ये. त्या काळी मोबाइलवर एक जीबी थ्रीजी घ्यायचं तर सुमारे अडीचशे रुपये पडत, आणि ते जीबी पगारासारखं पुरवून पुरवून वापरावं लागे. घरात केबलवाल्याचं इंटरनेट घ्यायचं तर डिपॉझिट, वायर, महिन्याचं बिल. सोळा ब्लॉकांत ते एकट्या अण्णांनी घेतलं, तेही स्वतःसाठी नव्हे. मुलगी-जावई बंगळुरूला, नात दीड वर्षाची. मुलीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि स्काइप लावून दिलं. नातीने दर रविवारी पडद्यावर येऊन आजोबांना जीभ दाखवायची, एवढाच त्या जोडणीमागचा उद्देश होता.

पण एखादी वस्तू आपल्या घरी आली आणि शेजारी ती मागायला आला नाही, तर अण्णांना ती वस्तू आल्यासारखीच वाटत नसे.

याला इतिहास आहे. अण्णांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनवर काढली. ज्या काळात फोनसाठी नाव नोंदवून लोक मुलांची लग्नं करून मोकळे होत, त्या काळात बिल्डिंगमधला एकुलता एक फोन अण्णांकडे होता. काळा, जड, डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप घातलेला. आमच्यापैकी प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेवर, अर्जावर, बायोडेटावर तो नंबर 'पीपी' म्हणून छापलेला होता. माझ्या नोकरीचा निरोप त्या फोनवर आला. खालच्या मास्तरांच्या वडिलांच्या निधनाचाही. फोन आला की अण्णा जिन्यात येऊन ब्लॉक नंबर पुकारत, आणि माणूस चपला न घालता धावत येईपर्यंत पलीकडच्या अनोळखी इसमाशी हवापाण्यावर बोलत राहत. बोलणं संपल्यावर कोणी रुपया ठेवू लागला तर घेत नसत. मात्र बोलणं ऐकत. लपूनछपून नाही, समोरच्या खुर्चीत बसून, माना डोलावून. आणि फोन ठेवल्यावर सल्ला देत.

पुढे घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात मोबाइल आले, आणि जिन्यातलं पुकारणं थांबलं. अण्णा निवृत्त झाले ते खात्यातून. बिल्डिंगमधून त्यांना निवृत्त मोबाइलने केलं. मधली दहा-बारा वर्षं त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर काढली. व्हॉल्व कधी उघडायचा आणि टाकी किती भरली हे तेच बघत. पण टाकीचं असं आहे की लोक पाणी वापरतात आणि टाकीवाल्याला विसरतात.

इंटरनेटची खुबी तळमजल्यावरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने त्यांच्या कानावर घातली. मुलाचा स्वार्थ उघड होता. केबलवाला म्हणजे मोठा वस्ताद. गच्चीवरून एक करडी लॅन वायर खिडकीतून आत सोडून गेला होता, आणि त्या वायरीवर एकच यंत्र चालेल अशी तजवीज करून गेला होता. प्रत्येक यंत्राला जन्मतः एक बारा अक्षरी नंबर असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. अण्णांच्या लॅपटॉपचा तो नंबर केबलवाल्याच्या वहीत चढला होता. दुसरं काही जोडलं, राउटर लावला, तरी पलीकडून दार बंद. राउटरला लॅपटॉपचं सोंग घ्यायला लावता येतं ही विद्या तेव्हा आमच्यात कोणाला नव्हती. मग राहिला एकच मार्ग. वायरीने आलेलं इंटरनेट लॅपटॉपने घ्यायचं आणि वायफायने वाटायचं. विंडोज 7 मध्ये ही सोय होती, पण ती मांडून ठेवलेली नव्हती. तिला बटण नव्हतं. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करावा लागे, आणि ती काळी खिडकी साधी उघडून भागत नसे. तिच्या नावावर उजवीकडची टिचकी मारायची आणि यादीतून निवडायचं: 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.

अण्णांना सगळ्यात आवडलं ते हे. चौतीस वर्षांत खात्याने त्यांना सीनियरच्या पुढे काही म्हटलं नव्हतं.

हुकूम त्यांनी एलआयसीच्या डायरीत देवनागरीत उतरवून घेतला. नेटश, स्पेस, डब्ल्यूलॅन, स्पेस, स्टार्ट, स्पेस, होस्टेडनेटवर्क. 'स्पेस'च्या जागी त्यांनी तांबड्या शाईने दंड घातले होते. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत ते टाइप करत. बघणाऱ्याला वाटावं रुद्र चाललाय. 'नेटश' हा उच्चार ते शिंक आल्यासारखा करत. मग एंटर. क्षणभर काही नाही. आणि मग यंत्र एक ओळ उमटवी, ती ते मोठ्याने वाचून दाखवत: "द होस्टेड नेटवर्क स्टार्टेड." तथास्तु.

"होस्ट म्हणजे कोण?" त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं.

"यजमान."

"म्हणजे आपणच की," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे बघून, "ऐकलंस का, चहा टाक."

लॅपटॉपची जागा ठरायला आठवडा गेला. शेवटी तो काकूंच्या शिलाई मशीनवर स्थिरावला, कारण मशीन दाराजवळ होतं आणि दार जिन्याकडे उघडत होतं. काकूंचं शिवणकाम त्या दिवसापासून बंद पडलं ते कायमचं. लॅपटॉपच्या वायफायच्या तारा पडद्याच्या कडेने, झाकणात असतात असं अण्णांना कोणीतरी सांगितलं होतं. खरंही आहे ते. पण त्यांनी त्यातून पुढचा निष्कर्ष असा काढला की झाकण ज्या दिशेला तोंड करील त्या दिशेला इंटरनेट जास्त जाईल. त्यामुळे माझ्या पुतणीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मागे पुस्तकं लावून छताकडे तोंड करून ठेवला. फॉर्म भरला गेला, आणि तेव्हापासून त्या सिद्धान्ताला आव्हान देण्याची सोय उरली नाही.

झाकण मिटायचं नाही हा पहिला नियम. झाकण मिटलं की यंत्र झोपतं, यंत्र झोपलं की सोळा ब्लॉक अंधारात. मिटल्यावरही न झोपण्याची सेटिंग त्यात होती, मी ती करूनही दिली. पण अण्णांचा सेटिंगवर विश्वास नव्हता. त्यांनी कीबोर्ड आणि पडद्याच्या मध्ये एक जुनं लाटणं आडवं ठेवलं. पाहुण्यांना ते लाटणं दिसे आणि ते काही विचारत नसत.

दुसरा शत्रू झाडू-फरशीवाली बाई. त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायफाय चालू-बंद करायची नखाएवढी खिट्टी होती. बाईंचं फडकं त्या कडेवरून फिरलं की खिट्टी सरके. मग अण्णा हुकूम टाइप करत आणि यंत्र म्हणे 'कुडन्ट बी स्टार्टेड'. पहिल्या वेळी हे कारण सापडायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत अण्णांनी केबलवाल्याला, टॉवरला, सूर्यावरच्या डागांना आणि शेवटी स्वतःच्या साडेसातीला दोष दिला. खिट्टी सापडल्यावर त्यांनी तिच्यावर पोस्टाचं तिकीट चिकटवलं.

शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जाई तेव्हाची परिस्थिती समजावून सांगणं मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेरचं होतं. लॅपटॉपला बॅटरी, त्यामुळे हॉटस्पॉट चालू. फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या. पण जिन्यातल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅटरी नाही, म्हणून मागून येणारं बंद. लोक येऊन भांडत, "अण्णा, वायफाय फुल दिसतंय आणि काही उघडत नाही." अण्णा सांगत, "बाबांनो, पाट आहे, पाणी नाही." तरी लोकांचा समज हाच की अण्णा आत बसून एकटे वापरताहेत.

आता नावाविषयी. वायफायच्या नावाला बत्तीस अक्षरांची मर्यादा असते. अण्णांनी प्रथम कुलदैवत, बिल्डिंग, मजला, ब्लॉक आणि स्वतःचं संपूर्ण नाव असं काहीतरी योजलं होतं. ते बत्तिसात बसेना. मग काटछाट करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हे नाव जोडणी न करताही बिल्डिंगमधल्या प्रत्येक फोनवर दिसतं. म्हणजे हा फळा आहे! सोसायटीच्या खालच्या फळ्यावर पोरं चित्रं काढत. या फळ्याला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही फोन उघडले तर वायफायच्या यादीत रोमन अक्षरांत 'मेंटेनन्स भरा ब्लॉक 6'. पुढे 'उद्या टाकी धुणार'. मग 'जिन्यात चप्पल नको'. एकदा नुसतंच 'कोण ते कळलंय मला'. त्या दिवशी चार जणांनी येऊन कबुली दिली, चारही वेगवेगळ्या गोष्टींची.

यात एकच अडचण. नाव बदललं की फोनच्या दृष्टीने ते नवंच नेटवर्क होतं. प्रत्येकाने पुन्हा पासवर्ड घालायचा. पण अण्णांना ती अडचण वाटत नसे. पासवर्डसाठी माणूस दारात आला पाहिजे असंच त्यांचं मत होतं.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. अण्णांनी जो ठेवला तो कधीच बदलला नाही, आणि तो कोणाला लिहूनही दिला नाही. माझी पुतणी विचारायला गेली तर म्हणाले, "तुझ्या काकाला विचार. त्याला पाठ आहे." मला कसला पाठ? मी खाली गेलो. अण्णा मिशीत हसले. "0251 लाव पुढे. मग आपला जुना."

आपला जुना. सहा आकडी, काळ्या फोनचा. बिल्डिंगमधल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाला तो झोपेतून उठवला तरी सांगता आला असता. मुलांना आईबापांकडे जाऊन विचारावा लागला, आणि आईबापांना लग्नाचे अल्बम काढून पत्रिका शोधाव्या लागल्या. असा पासवर्ड ठेवणारा माणूस यंत्राच्या बाबतीत अडाणी असेल, पण माणसांच्या बाबतीत त्याला कमी लेखू नये.

कितीजण जोडलेत हे बघायचा दुसरा एक हुकूम होता. तो टाइप केला की यंत्र सांगे: कमाल संख्या 100. ही ओळ अण्णा येईल त्याला दाखवत. "शंभर! आपण सोळाच ब्लॉक. शेजारची बिल्डिंग घेतली तरी चालेल." कागदावर शंभर, आणि मागे वायर 512 केबीपीएसची. म्हणजे सेकंदाला चौसष्ट किलोबाइट. एकट्याने सातशे एमबीचा सिनेमा उतरवायचा तर तीन तास. सिनेमा बघायला लागतो त्याहून जरा जास्तच. त्यात आठजण बसले की प्रत्येकाच्या ताटात काय पडणार? पण यजमानाला ताटं मोजायची असतात, भाताचा अंदाज आचाऱ्याचा.

त्या शंभरच्या खाली जोडलेल्यांची यादी येई. नावं नसत, मॅक अ‍ॅड्रेस असत. कोणाही शहाण्या माणसाला त्यातून काही कळलं नसतं. अण्णांनी महिन्याभरात प्रत्येकाची शेवटची दोन अक्षरं पाठ केली. खात्यात असताना ते म्हणे खांबावर चढून नुसत्या वायरीच्या रंगांवरून घर सांगत. हा त्याचाच पुढचा धडा. मी म्हणजे '4सी'. मास्तर 'ए9'. "काय हो, 4सी काल रात्री दीडपर्यंत जागा होता," ते दुधाची पिशवी उचलताना मला सांगत. मी म्हणे, "ऑफिसचं काम होतं." ते म्हणत, "असेल, असेल." त्या दोन 'असेल'मध्ये माझी अब्रू जाई. वास्तविक मी काय बघतोय हे त्यांना त्या यादीतून कधीच दिसलं नसतं. ते त्यांना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही.

पंगतीत एक वाढपी असतो. पोटभर वाढतो, नको म्हटलं तरी वाढतो, ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. आणि हात धुताना तोच माणूस शेजारी उभा राहून म्हणतो, "सात झाल्या नाही का?" अण्णा तसे. देण्यात त्यांचा हात कधी आखडला नाही आणि मोजण्यात कधी चुकला नाही. आपल्याकडे अशा माणसाला कंजूष म्हणता येत नाही आणि उदार म्हणताना जीभ जरा अडखळते. मला विचाराल तर सार्वजनिक जीवन याच लोकांवर चालतं. गणपतीची वर्गणी, गच्चीची किल्ली, स्मशानात पोचायची वेळ, हे सगळं यांच्याच डायरीत असतं.

2014 च्या फेब्रुवारीत ब्लॉक 7 मधल्या मुलाची बारावी आली. आई अण्णांकडे गेली. "त्याचं तेवढं बंद करा हो महिनाभर." अण्णांनी डायरी चाळली, तळमजल्यावरच्या इंजिनिअरला बोलावलं. निष्कर्ष असा की या पद्धतीत एकालाच वगळायची सोय नाही. चालू तर सगळ्यांना, बंद तर सगळ्यांना. दुसरा कोणी असता तर आईला नाही म्हणाला असता. अण्णांनी वायफायचं नाव बदललं: 'बारावी चालू रात्री 8 बंद'. सोळा ब्लॉकांनी महिनाभर बारावीचा अभ्यास केला. मास्तरांच्या सौभाग्यवतींच्या मालिकेचे राहिलेले भाग राहिले. ज्याच्यासाठी हे सगळं, तो मुलगा रोज आठ वाजता जवळच्या मित्राकडे 'नोट्स आणायला' जाई. पास झाला. पेढे घेऊन प्रथम अण्णांकडेच गेला, आणि अण्णांनी ते स्वतःचं यश म्हणून स्वीकारले.

जिन्याचीही वेगळी गोष्ट झाली. वायफायच्या लहरी भिंतीला आणि लोखंडी कपाटाला फार बिचकतात. उघड्या जिन्यात मोकळ्या सुटतात. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधल्या चार पायऱ्यांवर रेंज सगळ्यात चांगली. संध्याकाळी तिथे पोरंपोरी दाटीवाटीने बसत, प्रत्येकाची मान खाली, बोलत कोणी नाही. भाजी घेऊन वर जाणारी बाई पायांच्या मधून वाट काढी. याच चार पायऱ्यांवर ब्लॉक 3 आणि ब्लॉक 12 यांचं पुढे जे जमलं त्याचं श्रेयही अण्णा घेतात. मुलीचे वडील अजून ते श्रेय नव्हे, जबाबदारी समजतात.

आणि रविवार. ज्या कामासाठी हे इंटरनेट घेतलं होतं त्या कामाला ते कधी पुरलं नाही. नात पडद्यावर आली, जीभ बाहेर काढली, आणि चित्र गोठलं. जीभ बाहेर ती बाहेरच. तिच्या वाढदिवसाला तर केक कापताना सुरी वर राहिली आणि आवाज तेवढा टाळ्यांचा. काकू पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. अण्णा उठले. मला वाटलं लाटणं काढतात आणि झाकण मिटतात. एका फटक्यात सगळ्यांचं बंद, नातीचं चालू. तेवढी सत्ता त्यांच्या हातात होती. (झाकण मिटलं तर नातीचंही बंद झालं असतं, पण रागात कोण विचार करतं?) ते गॅलरीत गेले आणि पूर्वी नळ उघडा राहिला की ओरडत तसे ओरडले, "अरे, डाउनलोड कोणाचा चालू राहिलाय?"

चारही मजल्यांवर शांतता. मग तळमजल्यावरून इंजिनिअरचा आवाज, "अण्णा, ब्याण्णव टक्के झालंय. आठच राहिलेत."

अण्णा थांबले. आत पडद्यावर नातीची सुरी अजून वरच. "बरं, आठच ना," ते म्हणाले, "मग होऊन जाऊ दे." काकूंनी पुढे दोन दिवस त्यांना पोळीवर तूप वाढलं नाही.

केबलवाल्याचा पोरगा एकदा बिल घ्यायला आला तेव्हाची घटना मी स्वतः पाहिली आहे. एका जोडणीवर एकच घर, हा त्याचा नियम. आमचं चाललेलं ते सरळसरळ नियमाबाहेरचं. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि त्यावर कोणी फार विचार करत नव्हतं. पोरगा पावती फाडता फाडता फोन काढून म्हणाला, "काका, इथं एक वायफाय दाखवतंय. 'केबलवाला आला तर गप्प'. कोणाचं हे?"

आदल्या रात्री सावधगिरी म्हणून लावलेला फळा सकाळी पुसायचा राहिला होता. मी जिन्याकडे बघू लागलो. काकूंनी लॅपटॉपवर मशीनचं क्रोशाचं कव्हर टाकलं, लाटण्यासकट. अण्णांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांची सरकारी नोकरी आली. ते एक अक्षर बोलले नाहीत.

पोरगा चुळबुळला. मग हळू आवाजात, "काका, पासवर्ड असला तर द्या ना. माझा पॅक संपलाय. एक मेसेज टाकायचाय घरी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्यापुढे धर्मसंकट होतं ते पकडले जाण्याचं नव्हतं. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं, हे होतं. "0251 लाव," ते म्हणाले. "बस. चहा घेऊन जा." आमचं बिल त्यानंतर कधी वाढलं नाही, आणि त्या पोराच्या फोनची शेवटची दोन अक्षरंही अण्णांना पाठ झाली.

मग 2016 आलं. मुलीने सुट्टीत येऊन लॅपटॉपवर विंडोज 10 घातलं. ऑगस्टमध्ये त्याला नवं अपडेट आलं आणि त्यात हॉटस्पॉटचं चक्क बटण होतं. काळी खिडकी नको, हुकूम नको, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होणं नको. बोट लावलं की चालू. आम्हाला वाटलं अण्णा खूश होतील. त्यांनी बटणाखालची ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला. "आठ? कमाल आठ? सातात शंभर होते आणि दहात आठ?" तो हिशेब त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. सोळा ब्लॉकांतून आठजण निवडायचे कसे? त्यांनी पाळ्या लावल्या. सम तारखेला सम ब्लॉक, विषम तारखेला विषम. एकतीस तारखेनंतर पुन्हा एक तारीख येते आणि विषमवाल्यांना लागोपाठ दोन दिवस मिळतात, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास चर्चा झाली.

या पाळ्या महिनाभरच टिकल्या. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. गणेश चतुर्थीचाच दिवस तो. सुरुवातीला डेटा फुकट. स्टेशनजवळच्या दुकानांपुढे आधारची झेरॉक्स घेऊन रांगा लागल्या. त्या रांगेत मीही होतो. जिन्यातल्या पायऱ्या दसऱ्यापर्यंत मोकळ्या झाल्या. पोरं आपापल्या खोलीत गेली. आठांचे पाच झाले, पाचाचे दोन. मास्तर बरेच दिवस राहिले, पण त्यांना सिम बदलता येत नव्हतं म्हणून. फळ्यावर एकदा 'पाळ्या रद्द कोणीही या' असं आलं. कोणी गेलं नाही. मीही नाही. माझ्या फोनमध्ये रोजचा एक जीबी संपत नव्हता.

परवा अण्णांकडे गेलो होतो, टाकीच्या कामासाठी. आता ते ब्याऐंशीचे आहेत. नात मोठी झाली आहे आणि व्हिडिओ कॉल थेट त्यांच्या फोनवर करते, गोठत नाही. लॅपटॉप मशीनवरच होता. लाटणं होतं. पोस्टाचं तिकीट होतं. पडद्यावर हॉटस्पॉट चालू.

मला जरा आश्चर्य वाटलं, कारण या नव्या सोयीत एक मेख आहे: कोणीच जोडलेलं नसलं की वीज वाचवायला हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. मी वाकून पाहिलं. अण्णांचा स्वतःचा फोन देवघराच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता, आणि तो या वायफायला जोडलेला होता. त्याच फोनमध्ये रोजचा दीड जीबी पडून.

"अण्णा, आपोआप बंद व्हायची सेटिंग काढता येते," मी म्हटलं. "खालीच आहे बघा खिट्टी. मग फोन अडकवून ठेवायला नको."

"चौतीस वर्षं लाइनवर काढली मी," अण्णा म्हणाले. "खिट्टी कुठे आहे ते मला कळत नाही होय?" आणि आतल्या खोलीकडे वळून, "ऐकलंस का, 4सी आलाय. चहा टाक."

वायफायचं नाव सध्या 'टाकी मंगळवारी धुणार' असं आहे. जोडलेली उपकरणं: आठपैकी एक. पासवर्ड तोच.